डब्यातलं ऑफिस आणि गच्चीवरच्या कुरड्या

“कुरड्यांची काळजी तुम्ही करूच नका, आई. ती जबाबदारी माझी.”

हे वाक्य मी बोललो तेव्हा जेवत होतो. पानात सासूबाईंच्या हातचा गोळाभात होता आणि त्यावर त्या स्वतः कढत फोडणीचं तेल सोडत होत्या. अशा वेळी जावई काहीही कबूल करतो. (वडिलांनी लग्नाआधी मला पुष्कळ सल्ले दिले. सासरच्या माणसांना भरल्या तोंडी शब्द देऊ नये, हा तेवढा द्यायचा राहिला.)

झालं होतं असं, की माझी धाकटी मेव्हणी रितिका हिचं लग्न मे महिन्यात ठरलं. मौद्याच्या घराला रंग लागत होता, म्हणून ती, सासरे रुपराव आणि सासूबाई शोभाताई आमच्याकडे, शहराच्या कडेला असलेल्या बेसाला, मुक्कामी आले. सोबत गव्हाचं पोतं, पितळी सोऱ्या आणि रुखवताचा मोठा बेत. रुखवताच्या मधोमध परातीएवढी एकच कुरडई मांडायची, गुलाबी, हिरव्या आणि पांढऱ्या रंगाची, असं शोभाताईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

या बेतामागे एक जुनं दुःख होतं. माझ्या बायकोच्या, श्वेताच्या, रुखवतासाठी घातलेल्या कुरड्या ऐन लग्नाच्या तोंडावर वानरांनी फस्त केल्या होत्या. मग दुकानातून आणून मांडाव्या लागल्या. माझ्या आईने भर मांडवात त्यातली एक उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, “विकतच्या दिसतात, नाही?” बस, एवढंच. आई विसरून गेली. शोभाताई विसरल्या नाहीत. अजूनही आईचा फोन आला की त्या आधी पदर सारखा करतात, मग हॅलो म्हणतात.

“एका पोरीच्या वेळेस नाक कापलं गेलं,” त्या तेल सोडता सोडता म्हणाल्या. “या वेळेस कापलं तं मी मांडवात पायच नाही ठेवत.”

त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. मला खरंच वाईट वाटलं. आणि ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

आता बेसाची गच्ची आणि वानरं यांचं नातं सांगायला हवं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा समोर शेत होतं, पलीकडे संत्र्याची बाग होती. आता जिकडे तिकडे लेआउट पडले. माणसांनी प्लॉट घेतले, घरं बांधली, वास्तू केली. पण रजिस्ट्री झाल्याचं वानरांना कोणी कळवलं नाही. ती आपली जुन्याच वाटेने येतात आणि त्या वाटेत आता आमची गच्ची लागते. चांगली धिप्पाड, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. हातात काठी असलेल्या माणसाकडे ती अशी बघतात, की काठी आपणच खाली ठेवतो.

“मी बसतो न वर राखणीले,” रुपराव म्हणाले. आणि बसलेही. डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळून, डोळ्यांवर काळा गॉगल लावून, मांडीवर काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. आपल्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस याच वेशात असतो, त्यामुळे कोण कोणाचा काका हे आवाजावरून ओळखावं लागतं. थोड्या वेळाने मी ताक घेऊन वर गेलो. सासरे राखण करत होते की झोपले होते, हे गॉगलमुळे कळायला मार्ग नव्हता. घोरण्यामुळे कळलं.

म्हणून मी यंत्र बसवायचं ठरवलं.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. ऑफिस पुण्यात, मी बेसात. पण इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून माणूस काहीही होऊ शकतो, असा माझा विश्वास आहे. (श्वेताचाही आहे. मी व्हिडिओ पाहून दुरुस्त केलेला मिक्सर ती अजून पाहुण्यांना दाखवते.) मी गच्चीवर एक कॅमेरा बांधला आणि त्याची वायर खिडकीतून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत आणली. वानर दिसलं की ओळखणारा एक प्रोग्राम मिळाला. त्याला वानरांचे ढीगभर फोटो दाखवून शिकवलं: मधे काळं, भोवती पांढरं, म्हणजे वानर. ते दिसलं की कॉम्प्युटर वाय-फायवरून गच्चीवरच्या स्पीकरला हुकूम देणार आणि स्पीकर ओरडणार. स्पीकर मी पुण्याच्या ऑफिसात पाहिला होता, तिथल्या मीटिंग रूमच्या टेबलावर. आवडला म्हणून अगदी तसाच घेतला.

ओरडणार कोण, हा प्रश्न नव्हताच. रुपरावांचा आवाज मौद्याच्या शेतात या कडेच्या धुऱ्यावरून त्या कडेच्या धुऱ्यावर जातो. पण माईक समोर धरल्याबरोबर ते सरळ बसले, खाकरले आणि म्हणाले, “नमस्कार. मी रुपराव बोलून राहिलो. सर्व वांदरांना कळवण्यात येते की...”

“बाबा, पत्रिका वाचून राहिले का?” श्वेता म्हणाली. “शेतात ओरडता तसं ओरडा ना.”

“शेजारपाजार काय म्हनन?”

“तुमच्या कुरोड्या खाऊन राहिली ती वांदरं, बाबा!”

मग मात्र रुपराव उठून उभे राहिले.

“ए काळतोंड्या! काहून आला बे इथं? हट्! तुया बापाची गच्ची हाय का? निंघ! निंघ म्हन्तो ना!”

शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ हातातला पाइप टाकून घरात गेले. मी रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिलं वानर कठड्यावर उतरलं, स्पीकर गरजला आणि ते वानर मागे न बघता थेट शेजारच्या कडुनिंबावर गेलं. शोभाताईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी त्या दिवशी रस-पोळीवर जरा जास्तच ताव मारला.

सोमवारी ऑफिस सुरू झालं आणि घोटाळा झाला.

आमची कंपनी कर्मचाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर काम करू देते, पण अट एक: आधी व्हीपीएन चालू करायचं. मी ते रोज करतो. त्या सोमवारी केलं आणि गच्चीवरचा स्पीकर मुका झाला. वानरांनी येऊन मुगवड्यांचं अख्खं ताट रिकामं केलं. माझा कॉम्प्युटर त्यांना बघत होता, ओळखत होता, फोटोसुद्धा काढत होता. पण स्पीकरपर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता.

“काय असते हे व्हीपीएन?” रुपरावांनी विचारलं.

“ऑफिसपर्यंतचं भुयार समजा, बाबा. मी इथे बसून त्यातून ऑफिसात जातो. मधे कोणाला काही दिसत नाही.”

“मंग जा न. कोन अडवून राहिलं?”

“पण मी गेलो की अख्खा कॉम्प्युटर सोबत येतो. मग तो घरातल्या कोणाशी बोलत नाही. स्पीकरशीही नाही.”

“त्याच्यात नवीन काय हाय?” श्वेता स्वयंपाकघरातून म्हणाली. “ऑफिस सुरू झालं की तुम्ही तरी कुठं घरच्यांशी बोलता?”

रिकामं ताट घेऊन शोभाताई खाली आल्या, धुतलं आणि पालथं घातलं. ताट पालथं घालताना झालेला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोठी कुरडई गुरुवारी घालायची होती. गुरुवार माझ्या ऑफिसचा वार होता.

“दुसरा कॉम्प्युटर आणा,” श्वेता म्हणाली. सोपा उपाय सुचवणाऱ्या बायकोचा जितका राग येतो, तितका न सुचवणाऱ्या बायकोचा येत नाही. मी म्हणालो, “गरज नाही. मी व्हीपीएनला कंटेनरमध्ये टाकणार आहे.”

कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात केलेला एक बंद डबा. त्यात ठेवलेल्या प्रोग्रामला वाटतं, आपणच या घरात एकटे आहोत. तो काय करायचा तो गोंधळ आत करतो, बाहेर सांडत नाही. व्हीपीएन एका डब्यात, त्याचं भुयार तिथूनच सुरू. ऑफिसचं काम त्या डब्यातून. बाकीचा कॉम्प्युटर घरचा घरी. शोभाताईंना मी टिफिनचं उदाहरण दिलं, की वरणाची वाटी वेगळी आणि भाताची वेगळी. त्या म्हणाल्या, “पन झाकन नीट लागलं पाह्यजे.” (हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. मी त्या वेळी जरा हसलो होतो.)

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर आठवलं की मला अजून घाम येतो आणि कूलरमध्ये पाणी नाही. पहिल्यांदा व्हीपीएन डब्यात बसलं, पण सुरूच होईना. भुयार खणायची त्याला परवानगीच नव्हती. डबा बंद, आणि आतला माणूस फावडं मागतोय. ती परवानगी कुठे द्यायची हे शोधण्यात मंगळवारची संध्याकाळ गेली. परवानगी मिळाली, भुयार झालं, पण त्यातून गेल्यावर पुण्याच्या ऑफिसचं नावच कुठे ओळखू येईना, कारण डब्याला पत्ते सांगणारं कोणी नव्हतं. तेही दिलं. मग ऑफिसने मोबाइलवर नंबर पाठवला, तो टाकेपर्यंत शिळा झाला, दुसरा मागवला, तेवढ्यात वीज गेली.

बुधवारी संध्याकाळी, श्वेता दिवा लावत असताना, माझ्या पडद्यावर हिरवी टिकली उमटली. ऑफिस डब्यात! आणि कॉम्प्युटर घरात! मी खुर्चीवरून असा उठलो, की खुर्ची मागे गेली आणि कूलरला लागली. संत्रा बर्फीचा डबा मीच फोडला आणि पहिला तुकडा मीच खाल्ला.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली नसती. पण यश आलं की मला नीटनेटकेपणाचं वेड लागतं. मला वाटलं, ऑफिसला डबा आहे, तर वानरांच्या प्रोग्रामलाही असावा. दोन डबे शेजारी शेजारी कसे छान दिसतील. व्हिडिओतल्या माणसाने दुसरा डबा कसा करायचा ते दाखवलंच होतं. त्याच्या सगळ्या ओळी मी जशाच्या तशा उतरवल्या. त्यात एक ओळ अशी होती, की ‘या डब्याने शेजारच्या डब्याचाच रस्ता वापरावा’. मला ती ओळ प्रेमळ वाटली. शेजारधर्म म्हणून मी ती ठेवली.

स्पीकर तपासला. वाजला. व्हीपीएन तपासलं. लागलं. दोन्ही एकदम चालू करून तपासायचं राहिलं. (नवरदेव तपासला, घोडी तपासली, आणि नवरदेवाला घोडीवर बसवून पाहिलं नाही.)

गुरुवारी सकाळी मोठी कुरडई पडली. चीक शिजवताना शोभाताई कोणाशी बोलत नव्हत्या. सोऱ्यातून एक एक रंग असा काही फिरवला, की रितिका आणि श्वेता दोघी बघत राहिल्या. परातीएवढं ते चाक गच्चीच्या मधोमध प्लास्टिकवर पडलं आणि शोभाताईंनी हात जोडले. मग रितिका आणि श्वेता शालूला फॉल लावायला बाजारात गेल्या, शोभाताई उरलेल्या चिकाकडे वळल्या, आणि मी डब्यातून ऑफिसात गेलो.

त्या दिवशी आमची तिमाही मीटिंग होती. पुण्याच्या मीटिंग रूममध्ये माझ्या सोनिका मॅडम, बाकीची मंडळी आणि नव्यानेच आलेले सर्वांत मोठे साहेब, विक्रम सर. आम्ही दूरगावचे लोक पडद्यावर चौकोनात. मी हेडफोन लावून, शर्ट घालून बसलो होतो. (खाली बर्म्युडा होती, पण ती कंपनीच्या नजरेत येत नाही.) कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात मी गच्ची उघडून ठेवली होती. त्यात कुरडई वाळत होती आणि मला पोटात गार वाटत होतं.

विक्रम सर बोलायला उभे राहिले. “मी आज इथे का आलो आहे, हे तुम्हा सगळ्यांना...”

“ए काळतोंड्या! काहून आला बे इथं?”

पुण्यात सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“सगळ्यांनी प्लीज म्यूट करा,” सोनिका मॅडम म्हणाल्या. मी पाहिलं, मी म्यूटच होतो. हायसं वाटलं. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता, पण तो येत होता पुण्याहून आणि पुण्यात असं कोण बोलणार? गच्चीच्या चौकोनात पाहिलं, तर रुपराव पांढरा दुपट्टा आणि काळा गॉगल लावून कुरडईभोवती शांतपणे फिरत होते.

“तर आपण या वर्षी...” विक्रम सरांनी पुन्हा सुरुवात केली.

“तुया बापाची गच्ची हाय का? निंघ!”

आता पुण्यातल्या सगळ्या माना टेबलावरच्या स्पीकरकडे वळल्या. विक्रम सरांनी तो उचलून उलटा करून पाहिला. “निंघ म्हन्तो ना!” स्पीकर त्यांच्या तळहातावर ओरडला.

आणि मला सगळं एकदम कळलं. आमच्या बेसात प्रत्येक लेआउटमध्ये वीस नंबरचा प्लॉट आहे. पार्सलवाला लेआउटचं नाव विसरला की माझे जोडे दुसऱ्या वीस नंबरवाल्याच्या पायात जातात. माझ्या घरच्या स्पीकरचा नेटवर्कवरचा नंबर वीस. पुण्याच्या मीटिंग रूममधल्या, अगदी तशाच स्पीकरचा नंबरही वीस. आणि मी वानरांच्या प्रोग्रामला प्रेमाने सांगितलं होतं, की शेजारच्या डब्याचाच रस्ता वापर. तो रस्ता थेट पुण्याला जात होता! (सोमवारीही स्पीकर तिथेच ओरडला असणार, पण रिकाम्या मीटिंग रूममध्ये ऐकणार कोण?) झाकण नीट लागलं नव्हतं. त्यातून मधे काळं आणि भोवती पांढरं पाहून यंत्राने माझ्या सासऱ्यांना वानर ठरवलं होतं आणि सासरे स्वतःच्याच आवाजात पुण्याच्या साहेबांना हाकलत होते.

रुपराव बिचारे काही न कळता खाली आले, जेवले आणि कूलरसमोर आडवे झाले. पुण्यातला आवाज थांबला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ बोललो. सोनिका मॅडम घाम पुसत म्हणाल्या, “दुर्गेश, तुमचा रिपोर्ट.”

मी अनम्यूट झालो. तोंड उघडलं. आणि छोट्या चौकोनात, पाण्याच्या टाकीवरून एक शेपटी खाली लोंबली.

मग दुसरी. मग एक एक करून अख्खं खटलं कठड्यावर उतरलं. त्यातलं सगळ्यात थोराड वानर खाली उतरून मोठ्या कुरडईच्या काठाशी बसलं आणि विचार करू लागलं. पुण्यात स्पीकर पेटला होता. “काळतोंड्या! हट्! निंघ!” वानर माझ्या गच्चीवर आणि शिव्या माझ्या साहेबांना! गच्चीवर चिडीचूप.

“आई!” मी जिवाच्या आकांताने ओरडलो. “वर जा! कुरडई खातंय!”

स्वयंपाकघरात कूलरचा पंखा आणि शिजणारा चीक. तिथे काही ऐकू गेलं नाही. पुण्यात मात्र स्पष्ट ऐकू गेलं.

“दुर्गेश, कोण खातंय?” सोनिका मॅडम.

धावत वर जावं तर हेडफोनची वायर, खुर्ची आणि बर्म्युडा, तिन्ही आड. शिवाय जिने चढेपर्यंत कुरडई उरली नसती. माझ्या डोळ्यांसमोर ते पालथं घातलेलं ताट आलं. मग मी ते केलं, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं: न घाबरता एक काम केलं. वानरांच्या डब्याची फाइल उघडली, ती शेजारधर्माची ओळ शोधली आणि पुसली. डबा बंद केला. पुन्हा चालू केला. पडद्यावर गोल गोल चक्र फिरू लागलं. थोराड वानराने हात पुढे केला. चक्र फिरत होतं. वानराने गुलाबी कडेला बोट लावलं आणि वास घेतला.

“ए काळतोंड्या!”

या वेळी पुण्यातून नाही. वरून! माझ्या डोक्यावरच्या स्लॅबमधून तो आवाज उतरला आणि खिडकीची तावदानं थरथरली. थोराड वानर जागच्या जागी उडालं, बाकीच्यांच्या अंगावर पडलं, आणि ती सगळी फौज कठड्यावरून कडुनिंबावर आणि कडुनिंबावरून थेट पलीकडच्या लेआउटमध्ये गेली. कुरडई होती तिथे, होती तशी.

“पळाले! पळाले साले!” मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. “अरे, पळाले सगळे!”

मग लक्षात आलं की पुणे मला बघत होतं. बर्म्युडासकट.

सोनिका मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. विक्रम सर पडद्याजवळ आले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी मनात नोकरीचा राजीनामा इंग्रजीत लिहायला घेतला.

“कुरोड्या वाचल्या का गा?” विक्रम सर म्हणाले.

मला वाटलं, सासऱ्यांचाच आवाज पुन्हा पुण्याला गेला. पण ओठ सरांचे हलत होते.

“हो सर. वाचल्या, सर.”

“मी बी तिकडलाच, काटोलचा हाय. लय वर्षांनी कोनी मले ‘काहून आला बे’ म्हटलं. पुन्यात सगळे ‘या सर, बसा सर’ करून राहिले.” आणि ते हसायला लागले. ते हसले म्हणून मग सगळं पुणे हसलं. माझा रिपोर्ट कोणी मागितला नाही. उलट संध्याकाळी सर्वांना मेल आली, की बाहेरून कोणालाही मीटिंग रूमचा स्पीकर वाजवता येतो, ही त्रुटी दुर्गेश यांच्या प्रयोगामुळे उघडकीस आली, त्यांचे अभिनंदन. (‘प्रयोग’ हा शब्द मी अधोरेखित करून श्वेताला दाखवला.)

त्यानंतर लग्नापर्यंत मी घरात छाती काढून फिरलो. यंत्र बिनचूक चाललं. सासऱ्यांना तेवढं सांगितलं, की गच्चीवर जाताना दुपट्टा आणि गॉगल काढत जा, यंत्राचा गैरसमज होतो. श्वेताने ही गोष्ट ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगितली आणि रुपराव स्वतःच सगळ्यात जास्त हसले. मी मात्र रोज भर दुपारी, दुपट्टा बांधून, गॉगल लावून, स्पीकर बंद करून वर जात असे. ऊनच तसं होतं. कॅमेऱ्याचा कोन बघायचा, वायर बघायची, आणि कुरड्या कितपत वाळल्या ते बघायचं. आता वाळली की नाही हे कुरडई तोंडात टाकल्याशिवाय कसं कळणार?

लग्नात रुखवताभोवती गर्दी मावेना. मधोमध ती तिरंगी कुरडई, भोवती लहान कुरड्यांची रास. माझी आई पुढे झाली. तिने एक लहान कुरडई उचलली आणि उजेडात धरली. शोभाताईंनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला.

“घरच्या!” आई म्हणाली. “शोभाताई, अशी कुरडई मी आजवर पाहिली नाही हो. हात दाखवा बरं तुमचा.” आणि आईने भर मांडवात शोभाताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. पदर सारखा करायचंही शोभाताई विसरल्या. माझेही डोळे भरून आले, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

“हे सगळं आमच्या जवाईबापूंमुळे,” रुपराव गर्दीला सांगू लागले. हाच क्षण. मी रुखवताशेजारी एक टीव्ही लावून ठेवला होता. माझ्या यंत्राने ओळखलेल्या प्रत्येक वानराचा फोटो जपून ठेवला होता. ते सगळे फोटो एकामागून एक दाखवायचे, वर ठळक अक्षरांत ‘या कुरड्यांचे शत्रू’. लग्नाच्या धावपळीत फोटो एकदा नजरेखालून घालायला वेळ मिळाला नव्हता, पण यंत्रावर माझा पूर्ण भरवसा होता. मी बटण दाबलं.

कठड्यावरचं वानर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाकीवरचं वानर. पुन्हा टाळ्या. मग गॉगल लावलेले रुपराव. मांडव हसला, रुपरावांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. मी मान लववून कौतुक स्वीकारत होतो.

पुढचा फोटो आला. पांढरा दुपट्टा, काळा गॉगल, पोट सुटलेलं, हातात अर्धी कुरडई, अर्धी तोंडात. नंतरचा फोटो, तोच. त्याच्या नंतरचाही तोच, फक्त बर्म्युडा वेगळी. एकदा तर दोन्ही हातांत.

नवरदेवाचे वडील रामाजी, लकडगंजचे मोठे लाकडाचे व्यापारी, पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं.

“विहीणबाई, बाकीची वांदरं तं भेऊन पळाली,” ते म्हणाले. “हे मोठं वांदर तं रोज येऊन बिनधास्त खाऊन राहिलं. याले नाही हाकललं का?”

शोभाताईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“नाही जी,” त्या म्हणाल्या. “त्याले आम्ही पोरगी देली.”